राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली : खाते चोख, पेन्शन अर्धवट

एनपीएस या नावाने सर्वांना माहीत असलेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीची आमच्या घरात दोन खाती आहेत. एक माझे, जे मी खासगी नोकरीत असताना स्वेच्छेने उघडले. दुसरे पत्नीचे, जे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून ती रुजू झाली तेव्हा नियमानुसार तिच्या वाट्याला आले. नियामक एकच, शुल्काची पद्धत जवळपास एकच, तरीही या खात्याविषयी आम्हा दोघांचे मत वेगळे आहे आणि ते वेगळे असण्यास सबळ कारणे आहेत. पैसे साठवण्याचे साधन म्हणून इतके स्वस्त आणि शिस्तीचे दुसरे काही सामान्य नोकरदाराला सहज उपलब्ध नाही, असे माझे मत आहे. मात्र साठलेल्या पैशाचे आयुष्यभराच्या मासिक उत्पन्नात रूपांतर करण्याची वेळ आली की हेच साधन सभासदाला निम्म्या वाटेवर सोडून देते.

ही योजना मुळात कोणासाठी आखली गेली हे लक्षात घेतले नाही, तर तिच्यातील गुणदोषांचा उलगडा होत नाही. सेबीचे माजी अध्यक्ष सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालील ‘ओएसिस’ समितीने २००० मध्ये जो अहवाल दिला, त्याचा रोख असंघटित क्षेत्रातील कामगार, छोटे व्यावसायिक आणि शेतीवर राबणारे लोक यांच्याकडे होता. म्हणजे ज्यांना कोणतीच पेन्शन नव्हती त्यांच्याकडे. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे, ते नोकरी किंवा गाव बदलले तरी सोबत यावे, मोजके निधी व्यवस्थापक असावेत आणि खर्च किमान असावा, ही त्या आराखड्याची मध्यवर्ती कल्पना होती. प्रत्यक्षात मात्र क्रम उलटा झाला. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत दाखल होणाऱ्या कर्मचाऱ्यांना, सशस्त्र दले वगळून, जुनी पेन्शन बंद करून ही योजना लागू झाली; महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजेच शिक्षकांच्या बोलण्यातली डीसीपीएस, आणली; आणि ज्यांच्यासाठी आराखडा तयार झाला होता त्या सर्वसामान्य नागरिकांना खाते उघडण्याची मुभा १ मे २००९ रोजी मिळाली. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांना या खात्याने काहीतरी दिले आणि ज्यांच्याकडे निश्चित पेन्शनचा हक्क होता त्यांच्याकडून तो काढून घेतला, म्हणून एकाच उत्पादनाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात.

प्रथम माझ्या खात्याविषयी लिहितो. खाते आधार आणि पॅनच्या आधारे ऑनलाइन उघडते आणि ‘प्राण’ हा बारा अंकी क्रमांक मिळतो, जो नोकरी कितीही वेळा बदलली तरी कायम राहतो. टिअर वन हे मुख्य खाते असून त्यात वर्षाला किमान एक हजार रुपये भरले की ते चालू राहते. टिअर टू हे ऐच्छिक खाते असून त्यातले पैसे केव्हाही काढता येतात. नोंदी ठेवणारी संस्था वेगळी, पैसे गुंतवणारी वेगळी, रोखे सांभाळणारी वेगळी आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारा एनपीएस न्यास वेगळा, अशी कामांची विभागणी आहे. त्यामुळे एखादा निधी व्यवस्थापक नकोसा झाला तर केवळ त्याला बदलता येते, खाते जसेच्या तसे राहते. आयुर्विमा पॉलिसीत अडकलेल्या माणसाला ही सोय किती मोलाची आहे ते वेगळे सांगायला नको.

खर्चाच्या बाबतीत हे खाते सरस ठरते. २००९ मध्ये नागरिकांसाठी योजना खुली झाली तेव्हा गुंतवणूक व्यवस्थापनाचे शुल्क मालमत्तेच्या ०.०००९ टक्के इतके, म्हणजे जवळजवळ नाममात्र होते. एवढ्या कमी मोबदल्यात हे खाते विकण्यात कोणालाच रस उरला नाही आणि अनेक वर्षे बँकेच्या शाखेत एनपीएसचे नाव काढले तर समोरचा कर्मचारी विमा पॉलिसीचे माहितीपत्रक पुढे करत असे. पुढे शुल्क वाढवण्यात आले, तरीही पारंपरिक योजनांसाठी ते वर्षाला एक दशांश टक्क्याच्या आसपासच आहे, तर वितरकामार्फत घेतलेल्या इक्विटी म्युच्युअल फंडात दीड टक्का किंवा त्याहून अधिक सहज जातो. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु एकरकमी गुंतवणुकीवर वर्षाला दीड टक्का असे तीस वर्षे कापले गेले, तर अखेरची रक्कम एक तृतीयांशाहून अधिक घटते. निवृत्तीच्या बचतीत परताव्याचा अंदाज कोणीच खात्रीने देऊ शकत नाही, खर्च मात्र आधीच माहीत असतो, म्हणून मी खर्चाला इतके महत्त्व देतो.

गुंतवणुकीचे पर्याय समजून घ्यायला थोडा वेळ द्यावा लागतो. शेअर, कंपन्यांचे कर्जरोखे आणि सरकारी रोखे असे तीन मुख्य मालमत्ता वर्ग आहेत. ‘अ‍ॅक्टिव्ह’ पर्यायात त्यांचे प्रमाण सभासद स्वतः ठरवतो आणि शेअरमधील वाटा ७५ टक्क्यांपर्यंत नेऊ शकतो. ‘ऑटो’ पर्यायात वयानुसार शेअरचे प्रमाण आपोआप कमी होत जाते. मध्यम जोखमीच्या एलसी-५० मध्ये ते पस्तिशीपर्यंत ५० टक्के असते आणि पंचावन्नव्या वर्षी १० टक्क्यांवर येते. बाजाराकडे रोज पाहण्याची सवय नसलेल्या माणसाने ऑटो पर्याय घेऊन कामाला लागावे असे मी सुचवेन, मात्र एलसी-५० ची उतरंड मला जरा घाईची वाटते, कारण साठीनंतरही वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य गृहीत धरले तर पंचावन्नाव्या वर्षी शेअर इतके कमी करण्यात वाढीची संधी गमावली जाते. पंचेचाळिशीपर्यंत शेअर ५० टक्के ठेवणारा ‘बॅलन्स्ड लाइफ सायकल’ हा नंतर आलेला पर्याय म्हणूनच अधिक समंजस आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बिगर-सरकारी सभासदांना एकाच क्रमांकाखाली अनेक योजना घेण्याची आणि त्यांपैकी काहींत शंभर टक्के शेअर ठेवण्याची मुभा मिळाली आहे. या नव्या योजनांवर वर्षाला ०.३० टक्क्यापर्यंत शुल्क आकारता येते. विक्रेत्यांना रस वाटावा म्हणून हे केले असावे असे मला दिसते आणि त्यात गैर काही नाही. पण दवे समितीने मोजक्या, सोप्या पर्यायांचा जो आग्रह धरला होता त्यापासून आपण दूर चाललो आहोत, आणि ज्या सभासदाला दोन योजनांतला फरक सांगता येत नाही त्याला वीस योजना दाखवून त्याचे काही भले होईल असे मला वाटत नाही.

आता पत्नीच्या खात्याविषयी. तिच्या वेतनातून मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के कपात सुरू झाली आणि शासनाने तितकाच हिस्सा भरायचा होता. कपात दरमहा नेमाने झाली, कारण ती वेतन देयकातच होत असते. पण कापलेली रक्कम आणि शासनाचा हिस्सा तिच्या नावावर जमा झाल्याची नोंद दिसायला मात्र पहिली अनेक वर्षे लागली. हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळाल्या त्या मोडक्यातोडक्या, काही महिन्यांच्या कपातीचा त्यांत उल्लेखच नव्हता, आणि डीसीपीएसमधील शिल्लक एनपीएसकडे वर्ग होताना शाळा, गटशिक्षण कार्यालय आणि कोषागार यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो एका जाड फाइलीत आजही आमच्याकडे आहे. या काळात तिच्या पैशाला बाजारातील परतावा मिळायचा तो मिळाला नाही. वैयक्तिक खात्याच्या पद्धतीत उशिराने जमा झालेला रुपया हा कमी झालेला रुपया असतो, कारण त्या काळातील वाढ परत येत नाही. जुन्या पेन्शनमध्ये कार्यालयाच्या दिरंगाईचा असा भुर्दंड कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनावर पडत नव्हता. योजना चांगली की वाईट हे ठरवताना अर्थतज्ज्ञ परताव्याच्या टक्केवारीवर वाद घालतात, पण जिल्हा पातळीवर तिचे यश-अपयश पैसे वेळेवर आणि योग्य नावावर जमा होतात की नाही यावरच ठरते.

सरकारी सभासदाला पर्यायही उशिरा मिळाले. मूळ व्यवस्थेत पत्नीचे पैसे तीन सार्वजनिक निधी व्यवस्थापकांत वाटले जात आणि शेअरमधील वाटा १५ टक्क्यांपर्यंतच राही. केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना निधी व्यवस्थापक आणि गुंतवणुकीचा प्रकार निवडण्याची मुभा १ एप्रिल २०१९ पासून दिली आणि त्याच दिवसापासून शासनाचा हिस्सा १० वरून १४ टक्के केला. महाराष्ट्रानेही पुढे १४ टक्क्यांचा निर्णय स्वीकारला. ज्या तरुण वयात शेअरची जोखीम पेलता आली असती ती वर्षे आरंभीच्या सभासदांनी सक्तीच्या सावधगिरीत घालवली. जोखीम सभासदाची आणि निवड शासनाची, अशी ही वाटणी होती.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली असलेल्या सहकाऱ्यांकडे पाहिले की पत्नीचा राग समजतो. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर वेळोवेळी वाढणारी महागाईवाढ, वेतन आयोगाबरोबर होणारी सुधारणा आणि पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन, हे सर्व त्यांना वेतनातून वेगळी वर्गणी न देता मिळते. एकाच शिक्षककक्षात ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेली व्यक्ती आणि डिसेंबर २००५ मध्ये लागलेली व्यक्ती शेजारी बसून एकच काम करतात, आणि त्यांच्या म्हातारपणाचे हिशेब पूर्णपणे निराळे असतात. दुसऱ्या बाजूलाही तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या पेन्शनसाठी कोणताही निधी बाजूला ठेवला जात नव्हता. ती दरवर्षीच्या महसुलातून दिली जाते, आयुर्मान वाढले तसा तिचा काळ वाढला, आणि ज्या करदात्यांना स्वतःला कसलीच पेन्शन नाही त्यांच्या खिशातूनही ती जाते. कर्मचारी भविष्य निधीच्या ईपीएस-९५ योजनेत निवृत्त कामगाराला मिळणारी किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे, हे आठवले म्हणजे या वादात तिसरा पक्षही आहे आणि तो चर्चेत क्वचितच असतो हे ध्यानात येते.

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत मार्च २०२३ मध्ये राज्यातील शासकीय कर्मचारी आणि शिक्षक १४ तारखेपासून संपावर गेले आणि २० तारखेला संप मागे घेतला गेला. त्या सुमारास राज्य शासनाने सेवेत असताना मृत्यू पावलेल्या एनपीएसधारकाच्या कुटुंबाला कुटुंबनिवृत्तिवेतन देण्याचा निर्णय घेतला. माझ्या मते मूळ योजनेतील सर्वांत मोठे छिद्र हेच होते, कारण पाच-सात वर्षे सेवा करून गेलेल्या शिक्षकाच्या खात्यात जमा असलेल्या तुटपुंज्या रकमेवर त्याचे कुटुंब उभे राहणे शक्यच नव्हते. त्यानंतर केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली आणि राज्याच्या मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तिला संमती दिली. केंद्राच्या यूपीएसमध्ये २५ वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, किमान दहा वर्षे सेवा असल्यास महिना दहा हजार रुपये, महागाईवाढ आणि ६० टक्के कुटुंबनिवृत्तिवेतन यांची हमी आहे. त्यासाठी शासन एकूण १८.५ टक्के भरते. मात्र त्या हमीच्या बदल्यात वैयक्तिक खात्यातील साठा सामाईक निधीकडे सोपवावा लागतो. जुन्या पेन्शनची मागणी करणाऱ्यांना ही दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखी वाटते. खाते वाढताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते हातचे सोडवत नाही. सुमारे २३ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आखलेल्या या योजनेकडे फारच थोडे वळले, याचे मला आश्चर्य वाटले नाही.

खाते स्वतःच्या नावाचे असण्याचा एक फायदा मात्र पत्नीलाही मान्य आहे. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी जुन्या पेन्शनकडे परतण्याचे जाहीर केले आणि त्यांपैकी काहींनी एनपीएसमध्ये साठलेला पैसा राज्याकडे परत मागितला, तेव्हा तशी तरतूद कायद्यात नाही असे उत्तर त्यांना मिळाले. तो पैसा सभासदाचा आहे. सरकारे बदलतात, तिजोऱ्या रिकाम्या होतात, आणि अशा वेळी वचनापेक्षा खात्यातली शिल्लक अधिक भरवशाची असू शकते.

एवढे सगळे झाल्यावर साठाव्या वर्षाचा प्रश्न येतो आणि माझी खरी तक्रार तिथून सुरू होते. सर्वांसाठी दीर्घकाळ चालत आलेला आणि सरकारी सभासदांना आजही लागू असलेला नियम असा की जमा रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी, करमुक्त काढता येते आणि किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून अ‍ॅन्युइटी, म्हणजे वर्षासन, विकत घ्यावे लागते. उदाहरणादाखल खात्यात एक कोटी रुपये साठले असे धरू. साठ लाख हाती येतील आणि चाळीस लाखांचे वर्षासन घ्यावे लागेल. दर साडेसहा टक्के मिळाला तर वर्षाला दोन लाख साठ हजार, म्हणजे महिन्याला एकवीस हजार सहाशेच्या आसपास रक्कम येईल, आणि ती करपात्र असेल. सर्वसाधारणपणे घेतल्या जाणाऱ्या वर्षासनात ही रक्कम पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत तीच राहते. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांत तिची खरेदीशक्ती निम्मी होते, आणि साठीत निवृत्त झालेल्या बाईला ऐंशीव्या वर्षी, जेव्हा औषधपाण्याचा खर्च सर्वाधिक असतो, त्या एकवीस हजारांतून आजच्या सात हजारांइतकाही माल येत नाही.

तीस वर्षे एक दशांश टक्क्यासाठी जागरूक राहणारी ही व्यवस्था शेवटच्या टप्प्यावर सभासदाला अशा बाजारात उभी करते जिथे खरेदी सक्तीची आहे, दर त्या दिवशी असेल तो आहे आणि एकदा घेतलेला निर्णय फिरवता येत नाही. व्याजदर खाली असताना निवृत्त झालेला सभासद आणि तीन वर्षांनी दर चढल्यावर निवृत्त झालेला सभासद यांच्या मासिक उत्पन्नात जन्मभराचा फरक पडतो, त्यात कोणाचेही कर्तृत्व नसते. वर्षासनाची खरेदी काही काळ पुढे ढकलण्याची सोय आहे आणि ती वापरावी. ऑक्टोबर २०२३ पासून एकरकमी मिळणारा हिस्सा एकदम न काढता ठरावीक हप्त्यांनी पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत काढण्याची सोयही आली. माझ्या दृष्टीने अलीकडच्या सुधारणांतली ही सर्वांत उपयुक्त सुधारणा आहे, कारण उरलेला पैसा त्याच स्वस्त शुल्कात वाढत राहतो.

डिसेंबर २०२५ मध्ये बिगर-सरकारी सभासदांसाठी सक्तीच्या वर्षासनाचा हिस्सा २० टक्क्यांवर आणण्यात आला. माझ्यासारख्याला याचा आनंद व्हायला हवा, आणि काहीसा झालाही, कारण नावडती वस्तू आता कमी घ्यावी लागेल. पण वर्षासन वाईट आहे म्हणून ते सुधारण्याऐवजी त्याची सक्तीच पातळ करत नेली, तर ऐंशी टक्के रक्कम एकदम हाती आलेल्या निवृत्त माणसाभोवती मुलाचा फ्लॅट, मुलीचे लग्न आणि ओळखीच्या एजंटची पॉलिसी यांचा वेढा पडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

वैयक्तिक खात्यांवर संपूर्ण देशाची पेन्शन उभी करण्याचा प्रयोग चिलीने १९८१ मध्ये सुरू केला. तिथे कामगाराने वेतनाच्या दहा टक्के खासगी निधी कंपनीकडे भरायचे होते, मालकाचा हिस्सा नव्हता, आणि आपल्याप्रमाणेच तिथेही सैन्याला यातून वगळले होते. साठे मोठे झाले, भांडवल बाजार वाढला. पण अनियमित रोजगार असलेल्या लाखो लोकांच्या खात्यांत पुरेसे काही जमलेच नाही. २००८ मध्ये तिथल्या सरकारला करांतून किमान पेन्शनचा आधार द्यावा लागला, महासाथीच्या काळात लोकांना तीन वेळा खात्यातून पैसे काढू देण्यात आले आणि २०२५ मध्ये मालकाचा हिस्साही आणावा लागला. ज्याच्या हाती नियमित पगार आहे त्याच्यासाठी खाते काम करते. इतरांसाठी ते काम करण्यास खालून सरकारी आधार लागतो. आपल्याकडे २०१५ पासून असलेली अटल पेन्शन योजना हा तसा आधार म्हणून सांगितला जातो, मात्र तिची कमाल हमी महिना पाच हजार रुपये असून ती महागाईशी जोडलेली नाही.

कर-सवलतींविषयी थोडक्यात. जुन्या करप्रणालीत एनपीएससाठी मिळणारी पन्नास हजारांची जादा वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही; नव्या प्रणालीत मालकाने भरलेला, वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा मात्र वजावटीस पात्र आहे. त्यामुळे नोकरदाराने स्वतः भरण्यापूर्वी मालकामार्फत वर्गणी सुरू करता येते का हे विचारावे. केवळ मार्चअखेर कर वाचवण्यासाठी हे खाते उघडणाऱ्यांची बहुतेक निराशाच होते, कारण पैसे दीर्घकाळ अडकतात आणि मध्येच काढायचे तर स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत, तेही ठरावीक कारणांसाठीच मिळतात.

साठवणुकीसाठी मी या खात्याला पाचांपैकी साडेचार तारे देतो आणि निवृत्तीनंतरच्या उत्पन्नासाठी दोन. पत्नी दोन्हींसाठी मिळून दोन देते आणि अर्धा तारा त्या जाड फाइलीसाठी कापते. तिशी-पस्तिशीतील खासगी नोकरदार, वकील, दुकानदार यांनी खाते जरूर उघडावे, वारसाची नोंद पहिल्याच दिवशी करावी आणि वर्षातून एकदा विवरण तपासावे. २००५ नंतर लागलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांनी आपली वेतन देयके आणि खात्यातील जमा महिन्यागणिक ताडून पाहावी. खंड आढळल्यास आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे वेतन देयके काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी. नियामकाने सप्टेंबर २०२५ मध्ये निश्चित आणि महागाईशी निगडित उत्पन्न देणाऱ्या योजनांविषयी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला आहे. तशी योजना परवडणाऱ्या दरात प्रत्यक्ष विक्रीस आली तर माझे दोनाचे चार तारे करायला मी तयार आहे; तोपर्यंत माझा बेत वर्षासन नियमाने लागेल तितकेच, शक्य तितके उशिरा घेण्याचा आणि उरलेला पैसा हप्त्याहप्त्याने काढण्याचा आहे.